‘शेजार’ची ॲडमिन

खुर्शीदच्या डाव्या भुवईवर आडवी खोक आहे. कुणी विचारलं तर ती म्हणते, "धोटा उडाला." मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा लाकडी असतो, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला, आणि कधीकधी तो खरंच मागातून सुटतो. ज्याच्या अंगावर सुटतो त्याची धडगत नसते. भिवंडीत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. विचारणारा चुकचुकतो, "संभाळून हां, आपा," म्हणतो आणि आपल्या वाटेने जातो. पण अहो, जखम झाली तो दिवस शुक्रवार होता! शुक्रवारी खुर्शीदच्या कारखान्यात माग बंद, कारागीर घरी, सगळं चिडीचूप. बंद मागावरून धोटा उडाला म्हणे! हे तिला तोंडावर विचारायची कुणाची छाती नाही, म्हणून इथे सांगायचं.

आधी तिच्या हाताचं सांगायला हवं. खुर्शीदचा हात भारी सैल. बाई ठेंगणी, पण मनगट असं की एकदा थप्पड बसली की माणूस दिवसभर गाल चोळत बसतो. दारू ढोसून पाळीवर आलेल्या कारागिराच्या कानाखाली तिने जाळ काढला आहे. बायकांच्या अंगावर रिक्षा घालणाऱ्याला भर नाक्यावर कॉलर धरून खाली ओढला आहे. आणि एकदा तर सख्ख्या दिराला, निकाहाच्या दावतीत, बिर्याणीचा घास त्याच्या तोंडात असताना. त्याने काय केलं होतं ते विचारू नका. मार कमीच पडला त्याला. पण ज्याला मारलं त्याच्या घरी संध्याकाळी तिच्याकडून जेवणाचा डबा जायचा, हेही खरं. मारायचं आणि जेवू घालायचं, दोन्ही त्याच हाताने.

हिंसेशी तिची ओळख लहानपणापासूनची. चौऱ्याऐंशीच्या दंगलीत ती फ्रॉकमधली पोर होती. तिचे अब्बा मोहिउद्दीन दूध आणायला बाहेर पडले होते. कुणीतरी, कुठेतरी, काहीतरी बोललं होतं. काय बोललं, ते आजतागायत कुणाला सांगता येत नाही. पण ते बोललेलं एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत धावत गेलं आणि त्याच्या मागोमाग तलवारी धावल्या. अब्बांना खाटेवरून आणलं तेव्हा पोटाला चादर आवळलेली होती आणि खाटेची सुंभं लाल झाली होती. दुधाची किटली त्यांच्या मुठीत तशीच होती. बोटं उघडायला दोन माणसं लागली. ‘अफवा’ हा शब्द खुर्शीद त्या दिवशी शिकली. इतर पोरं भुताला भितात, ती त्या शब्दाला भ्यायली, आणि मोठी झाल्यावर त्या भीतीचा संताप झाला.

मग लग्न झालं, आणि वर्षाच्या आत धोट्याने नवऱ्याचा उजवा डोळा घेतला. डबा घेऊन ती दारातच उभी होती. तिच्या डोळ्यांदेखत तो लाकडाचा तुकडा सुटला आणि त्याच्या चेहऱ्यात घुसला. कोऱ्या कापडावर रक्ताची चिळकांडी उडाली. दुसरी कुणी असती तर किंचाळत बसली असती. हिने आधी माग बंद केला, मग ओढणीचा बोळा त्याच्या डोळ्यावर दाबला आणि त्याला उचलून रिक्षात घातलं. पुढे काही वर्षांनी तो छातीत कळ येऊन गेला, तेव्हा नातेवाईक म्हणाले, माग विकून टाक, बाईच्या जातीला हे झेपायचं नाही. तिने विकले नाहीत. मुलगा अरशद मोठा होईतो एकटीने चालवले, आणि तो मोठा झाल्यावरही चालवतेच आहे.

‘शेजार’ हा ग्रुप तिने काढला तो नळाच्या पाण्यासाठी. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार, कुणाचा जनाजा किती वाजता, कुणाची बकरी सुटली. हळूहळू मोहल्ल्याबाहेरची माणसं आत आली. कोन गावची आली, अंजूरची आली, गोदामांवरचे ड्रायव्हर, हमाल, आगऱ्यांची पोरं, भय्ये कारागीर, सगळे. जत्रेत हरवलेलं एक पोर या ग्रुपवर फोटो टाकल्यावर घटकाभरात आईच्या कडेवर परत गेलं होतं. तेव्हापासून रिवाजच पडला: अनोळखी कुणी दिसलं, पोर सापडलं, म्हातारं वाट चुकलं, की टाक ‘शेजार’वर फोटो आणि विचार, ‘ओळखता का?’ कुणी ना कुणी ओळखायचंच. आणि कुणीच ओळखलं नाही तर खुर्शीद ओळखायची. तिला सगळ्यांची सात पिढ्यांची नावं पाठ. ॲडमिन ती एकटीच. दुसरा कशाला हवा? कारखान्याला दोन मालक चालतात का?

तिच्या कारखान्यात धोट्यात बसणारी सुताची कांडी भरायला धाकली नावाची बाई होती. अंजूरच्या पुढे, गोदामांच्या पाठीमागे उरलेल्या माळावर आदिवासींचा पाडा आहे, तिथून ती यायची. बोलणं थोडं, काम चोख. तिचा नवरा किशन लांबच्या एका गोदामात ओझी वाहायचा, आणि मुलगी मनाली आश्रमशाळेत शिकायला होती. मनालीला पहिल्यांदा शाळेत सोडायला धाकलीबरोबर खुर्शीदच गेली होती. पोर रडायला लागली तशी धाकलीही रडायला लागली. खुर्शीदने दोघींना दटावलं आणि मग स्वतः रिक्षात नाक पुसत बसली. धाकली तिला खुर्शीदबाय म्हणायची. कांडीचं मशीन खुर्शीदच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर. वर्षानुवर्षं दोघी अशा बसलेल्या, मागांच्या खडखडाटात एकमेकींच्या कानात ओरडून बोलत.

आता रमशाचं. रमशा म्हणजे खुर्शीदच्या भावाची लेक. परदेशात जाऊन शिकून आली आणि एका संस्थेत लागली. काय शिकलीस, असं विचारलं की म्हणायची, "डिजिटल डिप्लोमसी, इंटरनेट गव्हर्नन्स."

"म्हणजे गं काय?" खुर्शीदने एकदा फर्मावलं. "मला कळेल असं सांग."

"फुफी, देशादेशांची पाण्यावरून, सीमेवरून बोलणी होतात ना? तशी आता नेटवरून होतात. नेट चालवायचं कुणी, बंद करायचं कुणी, आणि बंद करताना कुणाला विचारायचं."

"बस्स? एवढ्यासाठी विमानात बसून गेलीस? माझ्या कारखान्यात येऊन बसायचं होतंस."

रमशा हसली. त्याच वर्षी तिच्या संस्थेने भिवंडीतल्या एका शादीच्या हॉलमध्ये तीन दिवसांचं शिबिर ठेवलं. ठिकठिकाणच्या ग्रुपच्या ॲडमिनना बोलावणं गेलं. खुर्शीद इस्त्रीचा बुरखा घालून गेली आणि सोबत धाकलीला ओढून घेऊन गेली. "चल, जेवण चांगलं आहे, आणि तुझ्या अंगावर पंख्याचा वारा तरी पडेल," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी एक खेळ होता. टेबलं मांडली, चिठ्ठ्या वाटल्या. कुणी सरकार, कुणी कंपनी, कुणी पत्रकार, कुणी नागरिक. खुर्शीदला आलं ‘सरकार’ आणि धाकलीला ‘नागरिक’. सरकारपुढे एक लाल प्लॅस्टिकचं बटण. रमशाने माइकवर सांगितलं, "शहरात अफवा पसरली आहे. बोलणी करा. काय करायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवा." तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत खुर्शीदने बटणावर मूठ आदळली. बटण तुटलंच! हॉलमध्ये हशा. तेवढ्यात धाकलीने हात वर केला.

"बाय, माझा एक..."

"खाली बस. नेट बंद आहे!"

काय टाळ्या पडल्या! धाकलीही पदर तोंडाला लावून हसली. हसली नाही ती एकटी रमशा. ती टेबलाजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "फुफी, तुम्ही कुलूप लावलंत, ठीक. कधीकधी लावावंही लागतं. पण हिला काही सांगायचं होतं. ती आता कुठून येणार? कुलूप लावणाऱ्याने एक दार ठेवायचं असतं. आणि दारावर दुसरा माणूस बसवायचा असतो, आपण एकट्याने नाही."

"दार ठेवलं की चोर तिथूनच शिरतो," खुर्शीद म्हणाली. पुन्हा टाळ्या. टाळ्या माणसाचं वाटोळं करतात. शिबिरातून तिने तीन गोष्टी मात्र मन लावून घेतल्या. अनोळखी फोटो आपोआप उघडू द्यायचा नाही, तशी खूण फोनमध्ये करून घ्यायची. मग फोटो धुरकट दिसतो आणि आपण बोट लावल्याशिवाय उघडत नाही. अफवा पाठवणाऱ्याला सरळ ब्लॉक करायचं. आणि वातावरण तापलं की ग्रुपला कुलूप लावायचं. मग फक्त ॲडमिनच बोलू शकते. दाराचं ती विसरली. दार तिला आवडलंच नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मुलं पळवणाऱ्यांचं पीक आलं. या फोनवरून त्या फोनवर एकच चालू: टोळी आली आहे, पोरं उचलते, मूत्रपिंडं काढते. कुठल्या मुलखातले मुडदे, कुठल्या वर्षीचे, देव जाणे, पण खाली लिहिलेलं ‘आपल्या ठाणे जिल्ह्यात’. एका भंगारवाल्याला लोकांनी बदडलं. एका वेड्या बाईचे केस उपटले. कारखान्यातल्या एका कारागिराने असला व्हिडिओ पुढे ढकलला, तर खुर्शीदने त्याचा फोन हिसकावून आपटला आणि त्याच्या मुस्कटात अशी ठेवून दिली की ओठ फुटला. "माझ्या बापाचा जीव घेतला असल्या बोलण्याने!" ती ओरडली. मग त्याला नवा फोन घेऊन दिला आणि ‘शेजार’ला कुलूप ठोकलं.

धाकलीने विचारलं, "मंग आता कोनाचा पोर हरवला त?"

"मला फोन करतील की. मी काय मेले आहे?"

त्या दिवशी दुपारी किशन मनालीला आणायला आश्रमशाळेत गेला होता. सणाची सुट्टी होती. पोरीला यायचं नव्हतं, कारण मैत्रिणी राहिल्या होत्या आणि शाळेत नाच बसवायचा होता. ती वाटभर भोकाड पसरून रडली. अंजूर रस्त्याला गोदामांच्या रांगेपाशी रिक्षातून उतरल्यावर तिने रस्त्यातच फतकल मारली. किशनने तिला उचलून खांद्यावर टाकलं आणि पाड्याची वाट धरली. पोरीच्या अंगावर शाळेचा स्वच्छ पांढरा सदरा, निळा स्कर्ट. याच्या अंगावर ओझी वाहून फाटलेला बनियन. पोर पाठीवर बुक्क्या मारते आहे, किंचाळते आहे. चहाच्या टपरीवर बसलेली माणसं उठून उभी राहिली.

"ए! कुणाची पोर?"

"माझी हाय."

"कागद दाखव."

आता सांगा, स्वतःच्या पोरीचा कागद खिशात घालून कोण फिरतं हो? किशन मुलखाचा अबोल माणूस. भोवती चार माणसं जमली की त्याची जीभ टाळूला चिकटायची. इथे तर बघता बघता चाळीस जमली. पोरीला विचारलं, तर ती घाबरून आणखी मोठ्याने रडायला लागली. कुणीतरी तिला त्याच्या खांद्यावरून ओढून घेतलं, तो तिच्याकडे झेपावला, आणि पहिली थप्पड पडली.

गर्दीत भूपेश होता. अंजूरचाच, स्वतःचा टेंपो चालवणारा. त्याने दोघातिघांना मागे ढकललं, हेही सांगितलं पाहिजे. "थांबा रे, आधी इचारू," म्हणाला. त्याने फोटो काढला, माणूस आणि पोर दोघं स्पष्ट दिसतील असा, आणि रिवाजाप्रमाणे ‘शेजार’वर टाकायला गेला. ग्रुपला कुलूप. मग त्याने तो थेट खुर्शीदला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मावशी, मुलं पळवणारा वाटतो म्हणतात लोक, तुम्ही ओळखता का बघा.’

कारखान्यात खुर्शीदचा फोन थरथरला. पडद्यावर धुरकट चौकोन आणि खाली पहिले चार शब्द: ‘मावशी, मुलं पळवणारा वाटतो’. पुढचं वाचायला तिथे बोट लावावं लागतं. तिने लावलं नाही. तिच्या डोक्यात तिडीक गेली.

धाकलीने कांडीवरची मान न उचलता ओरडून विचारलं, "कोनाचा हाय?"

"कोणाचा नाही!" खुर्शीदही ओरडली. "मेल्यांना उद्योग नाहीत." तिने तो फोटो न उघडता पुसला, भूपेशचा नंबर ब्लॉक केला, मेसेजही आणि फोनही, आणि फोन पालथा टाकला. शिबिरात शिकवलं होतं तसंच, नीट.

तिकडे भूपेश फोनकडे पाहत उभा. पुन्हा पाठवलं, जाईना. फोन लावला, लागेना. लोक ओरडायला लागले, "काय म्हणते मावशी?" तो म्हणाला, "मावशीनं मना ब्लॉकच केला." झालं! खुर्शीदमावशी, जिला अख्ख्या पंचक्रोशीची नावं पाठ, ती ओळखत नाही म्हणजे हा इथला नाहीच. इथला नाही म्हणजे चोरच. एवढं सरळ झालं सगळं. मग लाकडं आली, गोदामातल्या लोखंडी पट्ट्या आल्या. किशन आधी हात जोडत होता, मग डोकं झाकत होता, मग नुसता रस्त्यावर वळत होता. ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, जे नुकतेच मोटारसायकल लावून आले होते, तेही दोन लाथा घालून जात होते. त्यात आपले होते, परके होते, दाढीवाले होते, टिळेवाले होते. मारताना कुणी कुणाची जात विचारली नाही. आणि भूपेश? त्यानेही शेवटी लाथ घातली. एक नाही, कितीतरी.

अरशद कापडाचे तागे घेऊन टेंपोने त्याच रस्त्याने येत होता. गर्दीत अडकला. पुढे काय चाललंय ते दिसत नव्हतं, फक्त हात वर जाताना आणि खाली येताना दिसत होते. त्याने आईला फोन लावला. मागांच्या खडखडाटात खुर्शीदची सवय अशी, की समोरचा जे बोलेल ते मोठ्याने पुन्हा बोलून खात्री करायची.

"काय? माणूस मारतायत? अंजूर रस्त्याला? काय? मुलगी? कसली मुलगी? आश्रमशाळेच्या कपड्यातली?"

हातभर अंतरावरचं कांडीचं मशीन थांबलं. धाकली उभी राहिली होती.

"मनालीचा बा तिला आनाया गेलाय, बाय."

रिक्षावाल्याला खुर्शीदने काय सांगितलं, त्याने गाडी कशी पळवली, तिला पुढे काही आठवत नाही. आठवतात ती पाठमोरी माणसं, एकाला एक चिकटलेली. ती त्यांच्यात डोकं खाली घालून घुसली. जी पाठ समोर आली तिच्यात गुद्दा, जो कान हाताला लागला तो पिळला, एकाच्या दंडाला कडकडून चावली. कुणीतरी तिच्या बरगडीत पट्टी मारली. पडली, उठली, पुन्हा घुसली. "हटा! कमबख्तांनो हटा! आपला किशन आहे तो! धाकलीचा किशन!" बुरखा फाटला, चप्पल गेली. तिचा आवाज ओळखून पुढचे थांबले, मग त्यांच्या मागचे, आणि बघता बघता मध्ये मोकळी जागा झाली.

किशन तिथे कुशीवर पडला होता. चेहरा म्हणावा असं काही उरलं नव्हतं. एक हात उलट्या बाजूला वळलेला. नाकातोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते आणि प्रत्येक बुडबुडा फुटायला वेळ लागत होता. चहाच्या टपरीवर एका बाईने मनालीला घट्ट धरून बसवलं होतं. पोरीच्या हातात बिस्किटाचा पुडा होता. ती सगळं बघत होती. धाकलीने नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी बोलू लागली. मागांच्या आवाजात बोलायची सवय, म्हणून ओरडूनच बोलत होती. तो ऐकत होता की नाही, कुणास ठाऊक.

खुर्शीदने समोर दिसला त्या भूपेशची गचांडी धरली. डाव्या हाताने धरली आणि उजवा वर नेला.

"मना काय मारतेस, मावशे?" भूपेशच्या ओठांवर थुंकी आणि दुसऱ्याचं रक्त. तो लहान पोरासारखा हुंदके देत होता. "मी आधी तुलाच इचारलेला. फोटो पाठवलेला. तू मना ब्लॉक केलास."

तिचा उजवा हात तिथेच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा उठलेला हात तसाच खाली आला.

किशन इस्पितळाच्या वाटेवरच गेला. अरशदच्या टेंपोत, कोऱ्या ताग्यांवर. खुर्शीदने वाटेतच फोन काढला, ग्रुपचं कुलूप उघडलं आणि रक्ताळलेल्या बोटांनी लिहिलं, ‘तो चोर नव्हता. आपला किशन होता. मुलगी त्याचीच.’ लिहून पाठवलं. शेजारी घड्याळाची बारीक खूण आली आणि तिथेच राहिली. शहरात तणाव नको म्हणून नेट बंद केलं होतं. वरच्यांनी त्यांचं कुलूप लावलं होतं. ‘अंजूर रस्त्याला चोर पकडला, ठोकला’ हे आधीच सगळ्यांकडे पोचलेलं होतं. खरं तेवढं तिच्या फोनात अडकून पडलं. नेट परत येईपर्यंत किशनची माती झाली होती, आणि लोक पुढच्या बातमीला लागले होते.

भूपेश आणि आणखी काहीजण आत गेले. पोलिसांनी खुर्शीदला बोलावलं, साक्ष घेतली आणि वर तिचं कौतुक केलं. "तुमच्यासारख्या चार बाया असत्या तर," एक साहेब म्हणाला. तिने त्या फोटोचं सांगितलं नाही. भूपेशने सांगितलं असेल, पण त्यावरून तिला कुणी विचारलंच नाही. धाकली पुन्हा कामावर आली आणि त्याच जागी, हातभर अंतरावर, कांडी भरत बसली. खुर्शीद तिला जेवू घालायची, मनालीला कपडे घ्यायची, घराला पत्रे घालून दिले. धाकली म्हणायची, "बाय, तू व्हतीस म्हनून त्याचं तोंड तरी बघाया मिळालं." हे ऐकलं की खुर्शीद उठून मागांकडे जायची. रात्रीची झोप उडाली, जेवण तुटलं. माग चालू असले की बरं वाटायचं. त्या आवाजात बोलायचं राहून गेलं तरी चालतं.

आणि मग रमशाच्या संस्थेकडून निरोप आला. मोठा कार्यक्रम होता, बाहेरचे पाहुणे येणार होते. त्या दिवसांत एकही अफवा न फिरलेला ग्रुप म्हणून ‘शेजार’चा सत्कार ठरला होता. शाल, सन्मानचिन्ह, दोन शब्द बोलायचे. हॉलही तोच. "आणि धाकलीलाही आणा, फुफी," रमशा फोनवर म्हणाली. "तिच्या हस्ते देऊ या आपण."

खुर्शीदने फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. तिने धाकलीला निरोप पाठवून बोलावून घेतलं. माग बंद होते. धाकली आपल्या सवयीच्या जागी बसली. खुर्शीद बसली नाही. तिने उभ्यानेच सांगितलं, एका दमात, जसं होतं तसं. भूपेशने फोटो पाठवला होता. मी उघडला नाही. पुसून टाकला. त्याला ब्लॉक केलं. कारखान्यात आवाज नव्हता, त्यामुळे एकही शब्द वाया गेला नाही.

धाकली बराच वेळ बोटाभोवती सूत गुंडाळत राहिली.

"त्यात किशन दिसत व्हता?"

"हो. स्पष्ट होता म्हणे."

"तवा मी इचारलं व्हतं. कोनाचा हाय म्हनून."

"हो."

"तवा मी हितंच व्हते ना, बाय? या जाग्यावर?"

"हो, धाकले. इथेच होतीस."

बाजूच्या पेटीत जुने धोटे पडले होते. धाकलीने हाताला लागला तो उचलला आणि सगळं बळ लावून फेकला. लोखंडी टोक भुवईवर बसलं. डोळा थोडक्यात वाचला. खुर्शीद मागाला धरून खाली बसली. रक्त डोळ्यात उतरत होतं आणि तिने ते पुसलं नाही. दुसरा फेकेल म्हणून ती वाट बघत राहिली. दुसरा आला नाही. धाकली रडत होती, पाय आपटत होती, तिच्या भाषेत शिव्या देत होती. मग तिने पदराने तोंड पुसलं, चपला घातल्या आणि ती निघून गेली. ती पुन्हा कधी आली नाही. पाड्यावर पाठवलेले डबे तसेच भरलेले परत आले, तेव्हा खुर्शीदने ते पाठवायचं बंद केलं.

डॉक्टरने टाके घालताना विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "धोटा उडाला." सत्काराला ती गेली नाही. रमशा भेटायला आली, तेव्हा तिने सगळं तिलाही सांगितलं. रमशा तिचा हात धरून रडली. खुर्शीद म्हणाली, "ते दाराचं काय सांगत होतीस? पुन्हा सांग. नीट सांग."

आता ‘शेजार’ला चार ॲडमिन आहेत, त्यात एक पाड्यावरची आनंदीबाई आहे. ग्रुपला कुलूप लावायचं तर चौघांना हो म्हणावं लागतं. फोन वाजला की खुर्शीद काम टाकते, बोट लावून फोटो उघडते, कितीही घाण असो, आणि हात लांब करून पडदा कांडीच्या मशीनकडे वळवते.

"कुणाचं आहे बघ गं."

तिथे आता दुसरी बाई बसते, बाहेरगावची. ती डोकावते आणि दर वेळी तेच सांगते, "मी नाही ओळखत, आपा."